अस्सलतेची कसोटी स्वयंपाकघरात लागत नाही

१९८१ च्या १ मे रोजी स्पेनची राजधानी माद्रिदजवळच्या तोरेहोन दे आर्दोस या गावी आठ वर्षांचा एक मुलगा श्वास कोंडून दगावला. पाठोपाठ तशाच लक्षणांचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले आणि डॉक्टरांनी प्रथम हा न्यूमोनियाचाच एखादा निराळा प्रकार असावा असे मानले. पण रोग माणसाकडून माणसाकडे पसरताना दिसेना. तो काही कुटुंबांत शिरे आणि शेजारच्या घराला स्पर्शही करीत नसे. रुग्ण बहुतांशी कामकरी वस्त्यांतले होते. अखेर १० जून रोजी सरकारने जाहीर केले की, रोगाचे मूळ हवेत नसून स्वयंपाकाच्या तेलात आहे. फेरीवाले दारोदार आणि बाजारांतून पाच-पाच लिटरच्या, नाव-पत्ता नसलेल्या प्लास्टिकच्या डब्यांतून हे तेल स्वस्तात विकत आणि ते ऑलिव्हचे म्हणून घेतले जाई. वस्तुतः ते फ्रान्समधून कारखान्यांच्या वापरासाठी आणलेले रेपसीडचे, म्हणजे मोहरीच्या जातीच्या बियांचे, तेल होते. कोणी ते खाऊ नये यासाठी त्यात ॲनिलीन हे रसायन मुद्दाम मिसळलेले असे. व्यापाऱ्यांनी शुद्धीकरणाने ते काढून टाकण्याचा खटाटोप केला आणि तेल बाजारात आणले. सुमारे २०,००० माणसे आजारी पडली, ३०० हून अधिक दगावली आणि कित्येकांचे स्नायू व मज्जातंतू कायमचे अधू झाले. त्या तेलातील नेमके विष कोणते, याचा निर्विवाद निर्णय आजतागायत झालेला नाही.

या घटनेला चार दशके उलटून गेली असली, तरी तिचा बोध अद्याप पुरता घेतला गेलेला नाही. ज्या गृहिणींनी ते तेल घेतले त्या काही बेफिकीर नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या ऑलिव्हच्या तेलात स्वयंपाक करणाऱ्या समाजातल्या त्या बायका होत्या. त्यांनी तेल पाहिले, हुंगले, कढईत तापवले आणि मुलाबाळांना वाढले. त्यांच्या डोळ्यांना, नाकाला आणि जिभेला धोका जाणवला नाही, कारण तो जाणवू नये अशीच त्या मालाची घडण होती. भेसळ करणाऱ्याचा पहिला परीक्षक प्रयोगशाळेतला रसायनज्ञ नसतो, दुकानात उभा असलेला ग्राहक असतो. त्या परीक्षेत उतरेल असाच माल तो तयार करतो. मग त्याच ग्राहकाने त्याच इंद्रियांच्या बळावर खरेखोटे ओळखावे, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

तरीही आज शुद्धतेच्या घरगुती चाचण्यांचे पेव फुटले आहे. ऑलिव्हचे तेल शीतकपाटात ठेवावे, थिजले तर अस्सल. मधाचा थेंब पाण्यात सोडावा, तळाशी गेला तर अस्सल. वात मधात बुडवून पेटवावी, जळली तर अस्सल. या चाचण्या सोप्या आहेत आणि करणाऱ्याला समाधान देतात, एवढाच त्यांचा गुण. तेल थिजणे हे ऑलिव्हच्या जातीवर, त्यातील मेणासारख्या घटकांवर आणि तापमानावर अवलंबून असते. शुद्ध तेल पातळ राहू शकते आणि मिश्रणही थिजू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ऑलिव्ह केंद्राने ही चाचणी करून पाहिली, तेव्हा ती भरवशाची नसल्याचेच दिसून आले. हिरव्या रंगाचीही तीच गत. तेलाची चव पारखणारे तज्ज्ञ गडद निळ्या काचेच्या पेल्यातून तेल घेतात, ते रंग दिसू नये आणि त्याने मत बनू नये म्हणूनच.

‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ही पदवी तेलाला कशी मिळते, हे पाहिले म्हणजे घरगुती पारखीची मर्यादा स्पष्ट होते. तेल केवळ यांत्रिक रीतीने काढलेले असावे, त्यातील मुक्त आम्लता ०.८ टक्क्याहून अधिक नसावी आणि चवी-वासात एकही दोष नसावा, या त्याच्या मुख्य अटी आहेत. ही आम्लता जिभेला कळत नाही. ती प्रयोगशाळेतच मोजावी लागते. चवीचा निर्णयही एकट्यादुकट्याचा नसतो. आठ ते बारा प्रशिक्षित परीक्षकांचे मंडळ तो देते. एवढी व्यवस्था असूनही डेव्हिसच्याच केंद्राने २०१० साली तपासलेल्या आयात तेलाच्या नमुन्यांपैकी ६९ टक्के नमुने चवी-वासाच्या निकषांवर या पदवीला पात्र ठरले नाहीत. त्या पाहणीला स्थानिक उत्पादकांचे अर्थसाहाय्य होते, ही गोष्ट ध्यानात घेतली आणि अपात्र ठरलेले सारेच तेल भेसळीचे नसून त्यात शिळे व हलक्या दर्जाचेही होते हे मान्य केले, तरी एक गोष्ट उरतेच. बाटलीवरच्या शब्दांवर पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला त्या शब्दांची खातरजमा करण्याचे साधन नसते.

भारतात ऑलिव्हचे तेल मध्यमवर्गाच्या फडताळात अलीकडे आले आणि सोबत नावांचा घोळही आला. तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या साहाय्याने जे तेल निघते आणि पुढे शुद्ध केले जाते, ते ‘पोमेस’. ते त्याच नावाने विकणे ही लबाडी नव्हे. परंतु ‘ऑलिव्ह’ हा शब्द ठळक आणि ‘पोमेस’ बारीक छापला, की खरे बोलूनही फसवता येते. ‘लाइट’ या शब्दाचेही तसेच. तो रंगाचा आणि चवीचा हलकेपणा सांगतो, उष्मांकांचा नव्हे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमात सुमारे नऊ उष्मांक असतातच.

येथे मिश्रण आणि भेसळ यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. घरोघरी वापरला जाणारा बांधणीचा हिंग हा पीठ, डिंक आणि हिंगाचा चीक यांचे मिश्रणच असतो, आणि तसे सांगून तो विकला जातो. त्यात कोणाची फसवणूक नाही. जे सांगितले ते डब्यात नाही आणि जे डब्यात आहे ते सांगितले नाही, तेव्हाच भेसळीला सुरुवात होते.

काही पदार्थांच्या बाबतीत डोळा अजूनही उपयोगी पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. श्रीलंकेची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची अनेक पदरी गुंडाळी असते. तिच्या नावाने खपणारी, अन्ननियमांत ‘तज’ म्हणून वेगळी नोंदलेली साल जाड, कडक आणि बहुधा एकपदरी असते. केशराचा खरा तंतू एका टोकाला कर्ण्यासारखा फुललेला असतो. पाण्यात तो सावकाश पिवळा रंग सोडतो आणि स्वतः तांबडाच राहतो. मिऱ्यांत मिसळलेल्या पपईच्या बिया लंबगोल आणि सुरकुतलेल्या असतात. दळून पूड केलेल्या मसाल्यापेक्षा अख्खा मसाला घ्यावा, हा जुन्या बायकांचा सल्ला म्हणूनच शहाणपणाचा आहे. पण त्यालाही मर्यादा आहेत. बांगलादेशात अख्ख्या हळकुंडांनाच चमकदार पिवळेपणा यावा म्हणून, झिलई देताना लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग चोळला जाई. तेथे हळकुंडे आणून घरी कांडणारी गृहिणीही सुरक्षित नव्हती.

मधाच्या बाबतीत तर इंद्रिये पूर्णपणे निकामी ठरतात. थंडीत खरा मध गोठून रवाळ होतो आणि ग्राहक ‘साखर घातली’ म्हणून तो नाकारतो. उलट तांदळापासून बनवलेल्या पाकाची भेसळ केलेला मध पारदर्शक आणि पातळ राहतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ नाममुद्रांच्या मधाची जर्मनीतील प्रयोगशाळेत चुंबकीय अनुनादाची चाचणी करून घेतली, तेव्हा केवळ तीन नाममुद्रा तीत उतरल्या. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. तथापि, त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकेकडे निर्यात होणाऱ्या मधासाठी हीच चाचणी भारत सरकारने आवश्यक केली होती आणि देशातल्या ग्राहकाच्या मधासाठी ती सक्तीची नव्हती, ही विसंगती कोणाला नाकारता येणार नाही.

भेसळीची किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही, याची आठवण दिल्लीने १९९८ साली करून दिली. पडीक जमिनीवर सर्वत्र उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच दिसते. त्याचे तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने त्या वर्षी ६० हून अधिक माणसांचा बळी घेतला आणि सुमारे ३,००० आजारी पडली. पाय सुजणे, धाप लागणे आणि हृदय दुबळे होणे, ही त्या रोगाची लक्षणे. स्पेनप्रमाणेच येथेही स्वस्त तेल घेणारी घरे अधिक सापडली. ज्याची ऐपत बेताची, त्याला मालाची निवड करण्यास वावच नसतो. भेसळीचा धंदा त्याच्याच गरजेवर चालतो.

मग उपाय कोणता? तो सापडतो तेथे एक समान सूत्र दिसते. भारतात वनस्पती तुपाचा प्रसार झाला, तेव्हा ते साजूक तुपात मिसळले जाणार हे उघड होते. म्हणून अन्ननियमांनी वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. तिळाचे तेल एका सोप्या रासायनिक परीक्षेत तांबडा रंग देते, त्यामुळे तुपातील वनस्पती ताबडतोब उघडे पडे. ही परीक्षा शक्य झाली ती कायद्याने आधीच खूण करून ठेवली म्हणून. स्पेनमध्येही ॲनिलीनची खूण होती; पण ती विषारी होती आणि ती पुसणाऱ्यांवर कोणाचे लक्ष नव्हते. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी शासनावरही टाकली, त्यामागे हीच जाणीव दिसते.

बांगलादेशाचे उदाहरण अधिक ताजे आणि अधिक बोलके आहे. २०१९ मध्ये तेथील बाजारात तपासलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे आढळले होते. संशोधकांनी ही गोष्ट उघडकीस आणल्यावर तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वृत्तपत्रांतून आणि पत्रकांतून इशारे दिले, शिसे तत्काळ दाखवणारे हातात धरता येणारे यंत्र घेऊन अधिकारी ढाक्याच्या घाऊक बाजारात उतरले आणि फिरत्या न्यायालयाने दोषी व्यापाऱ्यांना जागीच दंड ठोठावला. २०२१ पर्यंत शिसे आढळणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण शून्यावर आले. एका गरीब देशाने दोन वर्षांत हे साधले आणि त्यासाठी गृहिणींना रसायनशास्त्र शिकावे लागले नाही.

भारतात कायद्याची वाण नाही. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला आणि २०११ पासून तो अमलात आहे. त्याच्या ४० व्या कलमान्वये कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्नाचा नमुना शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते. हा हक्क मोलाचा असूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. शिवाय तो बजावताना, आपण हा माल तपासून घेणार आहोत, असे दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. सावध झालेला लबाड दुकानदार मागच्या फळीवरचा चांगला डबा पुढे करील, हे सांगायला ज्योतिषी नको. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीस नियमांनी मनाई केली आहे; पण राज्यांना सूट देण्याची मुभा ठेवल्याने तेथेही वाट मोकळी राहिली आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ग्राहक जागरूक झाल्याशिवाय काही होणार नाही. जागरूकता हवीच, पण ती कुठे लावायची याचा विचार व्हावा. मधाचा थेंब पाण्यात सोडण्यापेक्षा पावती मागणे, डब्यावरचे उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि तारीख वाचणे, बारीक अक्षरातील शब्दांकडे पाहणे, भाव संशयास्पद वाटण्याइतका कमी असेल तर थांबणे आणि संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवणे, यांत ती लागली तर तिचा उपयोग होईल. निनावी मालामागे जाब देणारा कोणी नसतो. नाव असलेल्या मालाची निदान चौकशी करता येते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि लहान दुकानदारांच्या छळाचा. तो अगदीच निराधार नाही. नमुन्याच्या धाकाने हप्ते वसूल होतात, ही तक्रार जुनी आहे. पण म्हणूनच तपासणी कोपऱ्यावरच्या वाण्यापाशी अडकून न राहता गिरणी, भरणा-केंद्र आणि घाऊक बाजार येथपर्यंत गेली पाहिजे. नमुने नियमितपणे घेतले जावेत आणि त्यांचे निकाल, नाममुद्रेसकट, लोकांना कळतील अशा मराठीत प्रसिद्ध व्हावेत. निर्यातीच्या मालाला जी चाचणी लागते ती देशातल्या मालालाही लागावी. निकाल उजेडात आले, की हप्त्याला जागा उरत नाही आणि प्रामाणिक व्यापाऱ्यालाही आपल्या प्रामाणिकपणाचे मोल मिळते.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी तुपात पीठ मिसळले असल्यास आयोडीनने निळा रंग येतो, हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. मात्र तो पिठाच्या भेसळीपुरताच खरा आहे, पामतेल मिसळले असेल तर तो मुका राहील, हेही त्याच तासाला सांगावे. एखादी परीक्षा काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे कळणे हेच विज्ञानाचे शिक्षण. ते मिळालेला नागरिक शीतकपाटात थिजलेल्या तेलावर समाधान मानणार नाही. आपल्या जिल्ह्यातील प्रयोगशाळेने गेल्या वर्षी तेलाचे किती नमुने तपासले, त्यांतले किती सदोष निघाले आणि पुढे काय झाले, हे तीन प्रश्न तो विचारील. त्यांची उत्तरे देणे शासनाला भाग पडेल, तेव्हाच फडताळातल्या डब्यांवर निर्धास्तपणे विश्वास टाकता येईल.