दिवा लावून टीव्ही बघा

"आधी यांना टीव्ही बंद करायला सांगा," ओपीडीत आजोबांना घेऊन आलेल्या आजी बसायच्या आतच म्हणतात. टीव्हीने डोळे जात नाहीत, असे मी सांगितले की आजोबा विजयी मुद्रेने आजींकडे बघतात. पण डोळे जळजळतात, डोके जड होते, ही त्यांची तक्रार खोटी नसते.

बहुतेकदा दोष चष्म्याचा निघतो. चाळिशीचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी असतो. टीव्ही असतो आठ-दहा फुटांवर. बायफोकल घालून आडवे पडून बघणाऱ्यांची नजर खालच्या, वाचायच्या काचेतून जाते. मग चित्र धूसर दिसते आणि मानही अवघडते. शिवाय आपल्याकडे टीव्ही भिंतीवर उंच टांगायची हौस. वर बघताना डोळा जास्त उघडा राहतो आणि लवकर कोरडा पडतो. एकटक बघताना पापण्याही कमी मिटतात, त्यात पंख्याचा वारा थेट तोंडावर. टीव्ही डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली हवा.

साठीत दृष्टिपटलावर विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणून काळोखात झगझगीत पडदा बघू नये. मागे किंवा बाजूला एक दिवा असू द्यावा. विजेचे बिल त्याने फारसे वाढत नाही!

अंधाराचा आणखी एक धोका आहे. अंधारात बाहुली मोठी होते आणि काहींच्या डोळ्यातला दाब अचानक वाढतो. रात्री मालिका बघताना एका बाईंचे डोके ठणकू लागले, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, उलट्या झाल्या. पित्त समजून घरच्यांनी दोन दिवस काढले. तो काचबिंदूचा झटका होता. त्या डोळ्याची नजर आम्हाला परत आणता आली नाही. अशा वेळी रात्रीच दवाखाना गाठावा. आणि डोळे लाल झाले म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणू नयेत. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असते, त्यानेही काचबिंदू होतो.

आज बातम्या लागल्या की लांबचा चष्मा घालून एकेक डोळा झाकून खालची पट्टी वाचा. एका डोळ्याला अक्षरे फिकी किंवा वाकडी दिसली, तर टीव्हीला दोष न देता याच आठवड्यात डोळे तपासून घ्या. मधुमेह असेल तर एरवीही वर्षातून एकदा, बाहुलीत थेंब टाकून.