पाटीवरचा शब्द कुणाचा?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, पण नुसत्या तोंडी सांगण्यावर ती मिळत नाही. बढाईला मात्र तिथे मोकळीक आहे. कॅलिफोर्नियातल्या एका पाणी-मंडळाच्या सदस्याने आपल्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाल्याची थाप ठोकली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशा थापेला गुन्हा ठरवणारा कायदाच रद्द केला. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने टेक्सासच्या खटल्यात विशेष नंबरप्लेटवरचा मजकूर हे सरकारचे बोलणे ठरवले. माणूस स्वतःच्या तोंडाने काहीही सांगो. पाटीवर राज्य बोलते, तेव्हा राज्याने कागद मागणे रास्तच.

हा कागद म्हणजे बहुधा डीडी २१४. सेवामुक्त होताना तो १९५० पासून दिला जातो. साताऱ्याकडच्या फौजीच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असते, तसाच. नॅशनल गार्डमध्ये राहिलेल्यांकडे त्याऐवजी एनजीबी २२ असतो. खोच आहे ती प्रतीत. डीडी २१४ च्या आखूड प्रतीवर सुटका सन्मानाने झाली की कशी, हा शेराच नसतो आणि बहुतेक राज्यांना नेमका तोच हवा असतो. चुकीची प्रत नेली की हेलपाटा ठरलेला. पर्पल हार्टच्या पाटीला पदकाची नोंदही दाखवावी लागते.

कागद हरवला, तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय दप्तरखान्याकडे अर्ज करायचा. पण तिथे १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९५९ दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात होत्या. दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती. कोरियात लढलेल्या नव्वदीच्या म्हाताऱ्याने आता पुरावा शोधत फिरावे, हे मात्र अन्यायाचे. दप्तर त्याने जाळलेले नाही. ज्यांनी घरी परतल्यावर काउंटीच्या कचेरीत डिस्चार्जची नोंद करून ठेवली, ते सुटले. बाकीच्यांसाठी दप्तरखाना जुनी पगारपत्रके आणि तुकडीच्या रोजच्या हजेरीचे अहवाल चाळून सेवा पडताळतो आणि एनए १३०३८ हे प्रमाणपत्र देतो. डीडी २१४ च्या जागी सरकारी कामाला ते चालते.