लाईन गेल्यावर जनरेटर लावताय? आधी खांबावर कोण आहे ते बघा

सध्या इन्स्टावर आणि यूट्यूब शॉर्ट्सवर एक जुगाड फिरतोय. एक वायर घ्यायची, दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावायचे, एक टॉप जनरेटरमध्ये आणि दुसरा घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये. झालं, अख्ख्या घरात लाईट! खाली कमेंटमध्ये ‘भारी भाऊ’चा पाऊस. अमेरिकेत या वायरीला ‘आत्महत्येची वायर’ असं नाव पडलंय. पण माझ्या मते तेही अपुरं आहे, कारण हिच्यात मरणारा माणूस बऱ्याचदा तुमच्या घरातला नसतोच.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा विषय दर पावसाळ्यात निघतो. जून लागला की वादळ येतं, झाडं तारांवर पडतात आणि उमरखेड-महागावपासून झरी-जामणीपर्यंत कुठे ना कुठे लाईन गेलेली असते. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात पुन्हा भारनियमन झालं, तेव्हा झेरॉक्सवाले, डेअरीवाले, मोबाईल दुरुस्तीवाले असे अनेकजण जनरेटरच्या मागे लागले. जनरेटर घेणं यात गैर काहीच नाही. तो घराला जोडतो कसा, एवढाच प्रश्न आहे.

आता नीट बघा. मीटरपासून खांबापर्यंत जाणाऱ्या तारेला दिशा नसते. त्या तारेतून वीज घरात येते तशीच घरातून बाहेरही जाते. मेन चालू ठेवून जनरेटर सॉकेटमध्ये लावला, की २३० व्होल्ट मीटरमधून उलटे खांबावर जातात. तिथून पुढे डीपी. डीपी म्हणजे ११ हजार व्होल्टचे ४०० करणारा ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मर उलटाही तितक्याच इमानाने काम करतो. खालच्या बाजूने २३० दिले तर वरच्या तारेवर दहा हजारांच्या आसपास व्होल्ट उभे राहू शकतात. ज्या लाईनला गावभर ‘बंद’ समजलं जातंय, त्याच लाईनवर.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: “छोटा जनरेटर आहे, शेजाऱ्यांचा लोड पडला की लगेच बसतो, काही होत नाही.” अर्धं खरं आहे. पन्नास घरांचा लोड आला तर अडीच केव्हीएचा जनरेटर बसेलच. पण वादळात तार तुमच्या घराजवळच तुटली असेल तर? मग त्या तुकड्यावर तुम्ही आणि फार तर दोन-तीन घरं. जनरेटर मजेत चालेल, आणि रस्त्यात पडलेली तार जिवंत राहील. माणूस मरायला दहा हजार व्होल्ट लागत नाहीत, २३० पुरतात.

लाईनमनची पद्धत ठरलेली असते. परमिट घ्यायचं, डीपीचे फ्यूज काढायचे, तपासायचं, तारा अर्थ करायच्या, मग हात लावायचा. सगळं पाळलं तर तो वाचतो. पण रात्रीचे अकरा, वरून पाऊस, खाली फोनवर फोन “लाईन कधी येणार?” आणि खांबावर चढलेला पोरगा कंत्राटी. अशा वेळी एखादी पायरी सुटू शकते. ४ मार्चला लाईनमन दिवस म्हणून आपण स्टेटस ठेवतो. त्याच माणसाने डीपीवरून बंद केलेली तार मागून जिवंत करण्याचा आपल्याला काय अधिकार?

“मी आधी मेन पाडतो, मग जनरेटर लावतो,” हा दुसरा युक्तिवाद. तुम्ही पाडता हो. पण तुम्ही बाहेर गेलात आणि लाईन आली का बघायला आईने मेन वर केला तर? शिवाय जुन्या घरांत मेन नुसता फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि जनरेटर चालू असताना खरी लाईन आली, मेनही वर असला, तर दोन वेगवेगळे प्रवाह समोरासमोर भिडतात. त्यात जनरेटरचं वाइंडिंग जळतं. त्या वायरीचा एक टॉप चुकून निघाला तर त्याच्या उघड्या पिनांवर पूर्ण करंट असतो, तो धोका वेगळाच.

म्हणून चेंजओव्हर स्विच. मीटर आणि मेन यांच्या पुढे, एमसीबी बोर्डाच्या आधी बसतो. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे बंद. त्याची रचनाच अशी की दोन्ही बाजू एकाच वेळी लागूच शकत नाहीत. कुणाच्या लक्षात राहण्यावर काही सोडलेलं नसतं, मला तो आवडतो तो याचसाठी. सिंगल फेजला डबल पोल घ्या, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही सुटतील. थ्री फेजला फोर पोल. ऑटोमॅटिक घेणार असाल तर आत यांत्रिक इंटरलॉक आहे का, हे विचारा. जनरेटरच्या किमतीपुढे याचा खर्च किरकोळ आहे. बसवायचं काम मात्र परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं. त्याला एक प्रश्न आवर्जून विचारा: जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलाय का? तो हवेत राहिला तर जनरेटरवर असताना घरातला आरसीसीबी शॉक लागला तरी पडेलच असं नाही.

जनरेटर ठेवायचा घराबाहेर, खिडक्या-दारांपासून वीसेक फूट लांब. पाऊस येतो म्हणून पोर्चमध्ये किंवा जिन्याखाली ओढू नका, त्याला वरून छप्पर करा, बाजू मोकळ्या ठेवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

आता यात सोलरची भर पडली आहे. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे छतांवर पॅनल वाढतायत. मग तक्रार येते: “ऊन आहे, पॅनल आहे, तरी लाईन गेली की सोलर बंद!” तो बिघाड नाही. लाईन गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, खांबावरच्या माणसासाठीच. काही हुशार लोक छोटा जनरेटर लावून त्या इन्व्हर्टरला ‘लाईन आली’ असं फसवतात. घरातला लोड कमी असला तर पॅनलची जास्तीची वीज जनरेटरमध्येच घुसते आणि तो जळतो. लाईन नसतानाही सोलर वापरायचं असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, आणि जनरेटर त्याच्या जनरेटरसाठीच्या वेगळ्या टर्मिनलला जोडून घ्या. ते टर्मिनल आहे का, हे कोटेशन घेतानाच विचारून ठेवा. तार तुटलेली दिसली तर जवळ न जाता १९१२ ला फोन लावा, आणि शेजारी जनरेटर चालू असेल तर तेही त्यांना सांगा.