चार किलोचे पिल्लू, तीस किलोचा कुत्रा

मे महिन्याची सुट्टी लागली की अनेक घरांत एक जुनी मागणी नव्याने सुरू होते. "आई, आपण कुत्रा आणू या ना!" अलीकडे त्या मागणीला जातीचे नावही जोडलेले असते – गोल्डन रिट्रीवर. शेजारच्या इमारतीतला झुबकेदार शेपटीचा सोनेरी कुत्रा मुलांनी पाहिलेला असतो, एखाद्या जाहिरातीत बाळाशेजारी लोळणारे पिल्लूही पाहिलेले असते. बाबा किंमत विचारतात. आजी विचारते, "केस किती गळतील?" आणि आई मनातल्या मनात विचार करते, की याचे सगळे शेवटी कोणाला करावे लागणार? तिघांचेही प्रश्न योग्य आहेत, पण आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पिल्लू घरात येऊ नये.

दोन महिन्यांचे गोल्डनचे पिल्लू साधारण चार-पाच किलोचे असते. मांडीवर मावते, पदराला लोंबकळते आणि त्याचे कौतुक होते. पूर्ण वाढलेला नर मात्र २९ ते ३४ किलोचा आणि मादी २५ ते ३० किलोची होते. तोच कुत्रा तेव्हा पदराला झोंबला, तर आजी जमिनीवर आपटते. म्हणून या जातीच्या संगोपनाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : तीस किलोच्या कुत्र्याने जे करू नये असे वाटते, ते चार किलोच्या पिल्लालाही करू देऊ नये.

शिवाय या कुत्र्याचे आयुष्य साधारण १० ते १२ वर्षांचे असते. आज हट्ट धरणारा चौथीतला मुलगा कॉलेजसाठी दुसऱ्या गावी जाईल, तेव्हा कुत्रा घरीच असेल आणि म्हाताराही झालेला असेल. हट्ट मुलांचा असला, तरी निर्णय मोठ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवरच घ्यावा.

स्वभावाचे मूळ

ही जात स्कॉटलंडची. पुढे लॉर्ड ट्वीडमाऊथ म्हणून ओळखल्या गेलेल्या एका जमीनदाराने १८६८ साली आपल्या इस्टेटीवर पिवळसर रंगाचा एक रिट्रीवर नर आणि पाण्यात सराईतपणे पोहणाऱ्या स्पॅनिएल जातीची एक मादी यांची पैदास केली. या कुत्र्यांचे काम ठरलेले होते. बंदुकीने टिपलेला पक्षी झुडपातून किंवा पाण्यातून शोधायचा आणि दात न रोवता मालकाच्या हातात आणून द्यायचा. दिवसभर माणसाबरोबर हिंडायचे, त्याच्या हाकेकडे कान ठेवायचा.

आजच्या गोल्डनच्या बहुतेक सवयींचा उलगडा यातून होतो. तो मोजे, चपला, टॉवेल तोंडात घेऊन घरभर मिरवतो, ही खोडी नसून त्याचा पिढीजात धंदा आहे. त्याला पाण्याचे वेड असते. माणसावाचून त्याला करमत नाही. घरातली सगळी माणसे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतत असतील, तर तिथे हा कुत्रा सुखी राहणार नाही. बंगल्याचे आवार नसले तरी चालते, सोबत नसली तर चालत नाही.

निवड करताना

पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आणू नये. भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. आईच्या आणि भावंडांच्या सहवासातच पिल्लू चावा किती हलका असावा हे शिकते. महिन्याभराचे पिल्लू "लवकर लळा लागेल" म्हणून विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

फोनवरचा फोटो पाहून किंवा रस्त्यात टोपली उघडून सौदा करू नये. पिल्ले जिथे वाढली ती जागा पाहावी आणि आई समक्ष पाहावी. आई भित्री किंवा अंगावर येणारी असेल, तर पिल्लू कितीही गोजिरवाणे असले तरी परत फिरावे. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो आणि तो आईबापांकडून पिल्लांत उतरू शकतो. म्हणून आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का, हे स्पष्ट विचारावे. केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र वंशावळ सांगते, पण प्रकृतीची हमी देत नाही.

पिल्लाचे डोळे स्वच्छ असावेत, कानाला वास नसावा, शेपटीखालचा भाग कोरडा असावा. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर जंतांची शंका घ्यावी. सगळ्यांना ढकलत पुढे येणारे पिल्लू रुबाबदार वाटते आणि कोपऱ्यात दडलेल्या पिल्लाची दया येते, पण पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराला मधले पिल्लू बरे. टाळी वाजवल्यावर क्षणभर दचकून पुन्हा जवळ येणारे, उचलून घेतल्यावर थोडे वळवळून शांत होणारे. दुधी रंगाच्या पिल्लाला "खास" म्हणून जास्त पैसे मागितले जातात. ती या जातीतलीच एक छटा आहे. त्यामुळे ना गुण वाढतो, ना आयुष्य.

पहिले काही आठवडे

पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू रडते. त्याला वेगळ्या खोलीत कोंडण्याऐवजी त्याची टोपली कोणाच्या तरी पलंगाशेजारी ठेवावी. हात लागला की ते निजते.

शी-शूची सवय वेळेवर अवलंबून असते, रागावण्यावर नव्हे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि जागेपणी दर दीड-दोन तासांनी पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे. काम झाले की तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. चुकून घरात घाण झाली तर त्यात नाक घासण्याची जुनी पद्धत निरुपयोगी आहे. पिल्लू त्यातून एवढेच शिकते की माणसासमोर शू करणे धोक्याचे, मग ते सोफ्यामागे जाऊन करते.

सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर किंवा बागेत पिल्लाला जमिनीवर सोडू नये, कारण पार्वो या रोगाने उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन लहान पिल्ले दगावतात. मात्र घरात डांबूनही ठेवू नये. जग ओळखण्याचे त्याचे हेच वय असते. कडेवर घेऊन त्याला रिक्षा, भाजीवाल्याची हाक, शाळेतून सुटलेली मुले, काठी घेतलेले आजोबा दाखवावेत. कुकरच्या शिट्टीची ओळख घरातच होते.

खेळताना पिल्लाचे दात मुलांना लागतातच. दात लागून किंवा ओरखड्याने कातडी फाटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. "घरचेच तर पिल्लू आहे" म्हणून हळद लावून गप्प बसू नये.

ताटात काय?

चौथ्या महिन्यापर्यंत तीन-चार वेळा, सहाव्या महिन्यापर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खाणे पुरते. नुसती दूध-पोळी किंवा दूध-भात हा वाढत्या पिल्लाचा आहार नव्हे. अनेक पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचे तयार खाणे द्यावे किंवा पशुवैद्यांकडून घरच्या जेवणाचे प्रमाण ठरवून घ्यावे.

एक चूक प्रेमापोटी होते. "हाडे मजबूत होऊ देत" म्हणून वरून कॅल्शियमचे औषध पाजले जाते. मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडू शकते. पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय ते देऊ नये. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत, तेव्हा पाहुण्यांना आणि प्रसाद वाटणाऱ्या शेजाऱ्यांनाही हे सांगून ठेवावे. शिजवलेली कोंबडीची हाडे फुटून आतड्यात रुततात.

गोल्डन खादाड असतो आणि डोळ्यांनी मागण्यात पटाईत असतो. जेवणाच्या टेबलाखाली पोळीचा एक तुकडा गेला, की ती प्रथा कायमची पडते. वजन वाढले की भार त्याच खुब्यांवर येतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून पिल्लाच्या वावरण्याच्या जागी सतरंजी अंथरावी, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत जिने उतरण्याची शर्यत किंवा सायकलबरोबर पळवणे टाळावे.

एक घर, एक शब्द

शिकवणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. पाच-पाच मिनिटांची, दिवसातून तीन-चार वेळा. प्रथम घरच्यांनी बसून शब्द ठरवावेत. आजी "बस" म्हणते, दादा "सिट" म्हणतो आणि आई "खाली बस रे बाळा" म्हणते. यातून पिल्लू काहीच शिकत नाही. "बस", "थांब", "ये", "सोड" हे चार शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावेत.

"ये" म्हणून बोलावून कधीही रागावू नये, औषधही पाजू नये. ती हाक त्याला नेहमी आनंदाची वाटली पाहिजे. रस्त्यावर पट्टा सुटला तर तीच त्याचा जीव वाचवील. तोंडातली चप्पल काढण्यासाठी मागे धावू नये, त्याला तो खेळ वाटतो. दुसऱ्या हातात खाऊ किंवा चेंडू धरून "सोड" म्हणावे आणि सोडताच तो द्यावा. आणून देणे हा त्याचा स्वभावच आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. उडी मारली तर पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर टेकले की मगच कुरवाळावे. हा नियम पाहुण्यांनीही पाळला पाहिजे.

ऊन आणि केस

थंड मुलखातल्या या कुत्र्याला दुहेरी केसांचे आवरण असते. नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात त्याला सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतरच बाहेर न्यावे. फरशीवर किंवा डांबरावर उलटा हात काही सेकंद ठेवावा, आपल्याला सोसवले नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. उन्हाळा आला म्हणून त्याचे सगळे केस भादरू नयेत. ते उन्हापासून राखण करतात आणि कधीकधी पूर्ववत येतही नाहीत. आठवड्यातून तीन-चारदा ब्रश करावा, आंघोळीनंतर लोंबते कान कोरडे करावेत आणि बोटांच्या बेचक्यांत, कानांमागे गोचीड शोधावेत. त्यांच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो.

धाप थांबत नसेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, चाल लटपटत असेल तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि विनाविलंब दवाखाना गाठावा.

खरी परीक्षा

सात-आठ महिन्यांचा झाल्यावर हाच गुणी बाळ शिकलेले सारे विसरल्यासारखा वागू लागतो. हाक ऐकत नाही, पट्टा ओढतो, उशा फाडतो. नेमके याच वयात अनेक गोल्डन "आम्हाला जमत नाही" म्हणून दुसऱ्याला देऊन टाकले जातात. खरे तर हे त्याचे वयात येणे आहे. घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला कोणी त्यासाठी घराबाहेर काढत नाही. नियम तेच ठेवून, फिरणे थोडे वाढवून आणि शिकवणी चालू ठेवून हा काळ निभावला, तर दीड-दोन वर्षांच्या सुमारास सर्वांना हवा असलेला तो शांत, समजूतदार सोनेरी कुत्रा दिसू लागतो.

म्हणून आणण्यापूर्वी घरात एक छोटी परीक्षा घ्यावी. महिनाभर रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी एकदा, पाऊस असो वा पाहुणे, घरातल्या कोणीतरी अर्धा तास नुसते फिरून यावे. कोण किती दिवस गेले, ते कॅलेंडरवर लिहावे. महिन्याअखेरीस पाने कोरी राहिली, तर सध्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे लाड करणेच बरे. खुणा भरलेल्या असतील, तर आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आता खुशाल पिल्लू पाहायला निघावे.