मातीचा पेंग्विन आणि आपली मायबोली

लहान मुलांसाठी जे काही निर्माण होते, त्याकडे मोठी माणसे सहसा गांभीर्याने पाहत नाहीत. मूल गप्प बसले, त्याने चार घास खाल्ले आणि आपले काम उरकले, म्हणजे त्यांचे समाधान होते. वास्तविक ज्या चित्रांपुढे आपले तीन-चार वर्षांचे मूल रोज बसते, ती त्याला कोणती भाषा, कोणते वर्तन आणि कोणती रुची देतात, याचा विचार करणे हे आईवडिलांचे, तसेच घरातील थोरल्या भावंडांचेही कर्तव्य आहे. या दृष्टीने ‘पिंगू’ या मातीच्या बाहुल्यांच्या दूरचित्रवाणी मालिकेविषयी काही विचार मांडावयाचे आहेत.

ही मालिका ओटमार गुटमान यांनी स्वित्झर्लंडमध्ये निर्माण केली आणि १९९० पासून ती दाखविली जाऊ लागली. तिचा नायक पिंगू हा बर्फाळ प्रदेशात राहणारा एक खोडकर पेंग्विन. आई, बाबा, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली धाकटी बहीण पिंगा, अकॉर्डियन वाजविणारे आजोबा आणि रॉबी नावाचा सील मित्र, एवढाच त्याचा संसार. प्रत्येक कथा जेमतेम पाच मिनिटांची आणि विषय घरगुती. एका कथेत तो जेवताना दंगा करतो, बोलणी खातो आणि रागाने घर सोडून जातो. रात्री बर्फाचे आकार त्याला राक्षसासारखे भासू लागतात. शेवटी शोधत आलेले आईबाप त्याला पोटाशी धरतात. अशी कथा कोणत्या मुलाला परकी वाटेल?

ही चित्रे हलतात कशी, हेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. मऊ, न वाळणाऱ्या मातीची बाहुली करावयाची, तिचे एक छायाचित्र घ्यावयाचे, मग हात किंवा चोच किंचित हलवून पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे. सेकंदाला बारा छायाचित्रे धरली, तरी पाच मिनिटांसाठी तीन हजार सहाशे वेळा बाहुलीला हात लावावा लागतो! ही विद्या आपल्याला नवी नव्हे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीच वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती, आणि १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्यांना चालावयास लावले होते. आपल्या काळात धिमंत व्यास यांनी ‘तारे जमीं पर’ (२००७) या चित्रपटासाठी केलेले मातीचे चलच्चित्र पुष्कळांनी पाहिले असेल.

परंतु ‘पिंगू’चा सर्वांत विलक्षण गुण म्हणजे त्याला भाषा नाही. पात्रे बोलतात, भांडतात, लाडीगोडी लावतात. पण ते बोल जगातील कोणत्याही भाषेचे नाहीत. कार्लो बोनोमी या इटालियन कलावंताने आरंभीच्या साऱ्या पात्रांना आपला एकट्याचा आवाज दिला. राग, हट्ट, लाज, आनंद हे सारे त्या निरर्थक ध्वनींतून लहान मुलाला अचूक कळते.

यावर काही पालक विचारतात, “ज्यात भाषाच नाही, ते पाहून मूल काय शिकणार?” माझे मत नेमके याच्या उलट आहे. भोपाळमधील मराठी घराची अवस्था पाहा. बाजाराची भाषा हिंदी, शेजाऱ्यांची हिंदी, दूरचित्रवाणीवरील बहुतेक बालचित्रांचीही हिंदीच. हिंदी ही आपल्या राज्याची गोड भाषा आहे, तिच्याशी वैर कसले? माझ्या घरात कोकणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर हिंदी नांदते, आणि तिन्हींचा मला लाभच झाला आहे. दुःख एवढेच, की आजीशी बोलताना ज्याला मराठी शब्द आठवत नाही, असे मूल शिशुवर्गात आता विरळा राहिलेले नाही. बोलक्या चित्रांपुढे बसलेल्या घराला स्वतः बोलण्याचे कारणच उरत नाही. पिंगू मात्र आपल्यासाठी जागा मोकळी सोडतो. “पिंगू का रुसला रे?” “आता आई काय म्हणेल?” असे आजीने विचारावे आणि नातवाने उत्तर द्यावे. मग तोच पेंग्विन आपल्या घरात मराठी होतो, शेजारच्या घरात हिंदी आणि माझ्या घरात कोकणी.

भाषा माणसाकडून येते, यंत्राकडून नव्हे, याला शास्त्राचाही आधार आहे. पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांशी कोणी प्रत्यक्ष बसून चिनी भाषेत खेळले-बोलले, तेव्हा त्यांना त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखू येऊ लागले. तेच बोलणे पडद्यावरून ऐकविले, तेव्हा काहीच लाभ झाला नाही. थोडी मोठी मुले पडद्यावरून चार वाक्ये उचलतात हे खरे. पण संवाद त्यांना माणसाशिवाय मिळत नाही.

पिंगू खोड्या करतो, मुले त्याचे अनुकरण करतील, असाही एक आक्षेप आहे. तो अगदीच निराधार नाही. मात्र प्रत्येक खोडीचे फळ त्याला भोगावे लागते, आणि ते मुलाला दाखवून देणारे कोणी जवळ असले, तर ती खोडीच धडा बनते. मूल एकटे बसले, तर उत्तम चित्रही केवळ करमणूक उरते. शिवाय दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यापुढे दिवसाकाठी एक तासाहून अधिक बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. तो एक तासही कमी करता आला तर बरेच.

विद्यार्थिमित्रहो, हे काम विशेषतः तुमचे आहे. घरातील धाकट्या भावंडाच्या हाती मोबाइल देऊन आपण दूर जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा, एक कथा पाहा आणि ती त्याला मराठीत सांगावयास लावा. मग पडदा बंद करून थोडी माती हाती घ्या. पोळ्याचे बैल आणि दिवाळीचा किल्ला करणाऱ्या आपल्या घरांना माती का परकी आहे? किल्ल्यावरील एखादा मावळा एकेक पाऊल पुढे सरकवीत त्याची छायाचित्रे घ्या आणि ती भराभर दाखवा. तो चालू लागेल, आणि तो काय बोलतो, हे तुमचे धाकटे भावंड सांगेल. ते मराठीत सांगेल की नाही, हे मात्र तुम्ही त्याच्याशी रोज किती बोलता, यावर अवलंबून राहील.