एवढं पुरे!

परवा एका मैत्रिणीने वीस वर्षांचं होमलोन घेतलं. पार्टीत सगळे ईएमआयचा आकडा विचारत होते. तिचा सॉफ्टवेअरवाला नवरा मात्र भलताच आकडा सांगत बसला : २१४७४८३६४७. मला वाटलं, व्याजासकट एवढं फेडायचंय की काय बिचाऱ्यांना!

तर प्रकरण असं. बऱ्याच जुन्या सिस्टिम्समध्ये एका आकड्याला ३२ बिट्स मिळतात. म्हणजे समजा, ३२ बटणं. एक अधिक-उण्याचं. उरलेली ३१ ऑन केली की होतात दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. पुढे जागाच नाही. हाऊसफुल्ल!

पण हा आकडा कॉम्प्युटरहून कितीतरी जुना. ३१ वेळा दोन मांडून गुणाकार करा, एक वजा करा, झाला तयार. आणि ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. हे १७७२ मध्ये सिद्ध केलं ऑयलरने, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना! भाजक ४६,३४० पर्यंत तपासायचे होते. पठ्ठ्याने आधीच दाखवलं, की भाग गेलाच तर २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाईल. बाकी सगळ्या बाद.

या संख्येपासून १९ अंकी 'परिपूर्ण' संख्या बनते (६ जशी १+२+३, तशी आपल्या भाजकांची बेरीज असलेली). १८११ मध्ये पीटर बार्लो यांनी लिहून टाकलं, की याहून मोठी कुणी शोधणार नाही, कारण हा नुसता गमतीचा मामला, उपयोग शून्य. १८७६ मध्ये ल्युकाने ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली आणि त्यांचं भाकीत निकालात निघालं. २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या तर चार कोटींहून जास्त अंकांची आहे.

'एवढं पुरे' म्हणणारे आपणही. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज या आकड्यापलीकडे गेले. यूट्यूबला काउंटर ६४ बिट्सचा करावा लागला. आणि १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी ३२ बिटी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी याच आकड्यावर पोचतील. पुढच्या सेकंदाला थेट १९०१!

"मग २०३८ मध्ये बघू की," मी म्हटलं.

"अगं, आमचा शेवटचा हप्ता त्याच्या पुढचा आहे," तो म्हणाला. "ती तारीख सिस्टिमला आजच काढावी लागते."

असली जुनी सिस्टिम दुरुस्त करणं, हाच त्याचा जॉब. कुणीतरी कधीकाळी 'एवढं पुरे' म्हणून ठेवलं, त्यावर याचा ईएमआय चालतो.

घरी आल्यावर मी माझ्या सेव्हिंग्जचा आकडा बघितला. तिथे मात्र ३२ बिट्स आरामात पुरतील.