पाच दिवसांसाठी आलेला वाटाड्या: मार्गासनीच्या तरुणांनो, तुमचं भांडवल कुठलं?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'भांडवल नसताना धंदा' यावर बोललो. त्यातला एक मुद्दा इथे सविस्तर मांडतो.

एड स्टॅफर्ड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडचा हा माजी लष्करी अधिकारी २ एप्रिल २००८ रोजी पेरू देशाच्या किनाऱ्यावरून निघाला आणि ॲमेझॉन नदीच्या काठाकाठाने, घनदाट पावसाळी जंगलातून पायी चालत ९ ऑगस्ट २०१० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोचला. एकूण ८६० दिवस. नदीची अख्खी लांबी चालून जाणारा तो पहिला माणूस, असा विक्रम नोंदला गेला.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, 'बघा, हिंमत पाहिजे! घ्या उडी!' मला हे पटत नाही. हिंमत तर त्याच्या सोबत निघालेल्या मित्राकडेही होती. तो पहिल्या तीनेक महिन्यांतच परत गेला. मग मोहीम पुढे कशी गेली? पेरूमधला गादिएल सांचेझ रिवेरा, ज्याला सगळे 'चो' म्हणतात, तो वाटाड्या म्हणून सोबत आला. हा जंगलात काम करणारा माणूस. ठरलं होतं फक्त पाच दिवसांचं. तो शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं चालला!

आता मला सांगा, यातलं कुठलं नाव जगाला माहीत आहे? स्टॅफर्डने चोचं श्रेय कधी लपवलं नाही, हे खरं. पण मोहीम आखली, रोज नोंदी लिहिल्या, चित्रीकरण केलं, पुस्तक काढलं ते स्टॅफर्डने. म्हणून नाव आणि बाजार त्याचा झाला.

आपल्याकडेही असंच दिसतं. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये 'पश्चिम घाट बचाव' पदयात्रा निघाली. एक तुकडी उत्तरेला नवापूरहून, दुसरी दक्षिणेला कन्याकुमारीहून. १९८८ च्या फेब्रुवारीत दोन्ही गोव्यात भेटल्या. जगदीश गोडबोले यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात आघाडीवर होते. पण एवढा सह्याद्री एकट्यादुकट्याला पायाखाली घालता येत नाही. त्या-त्या टप्प्यावर त्या-त्या भागातली माणसं लागतात. जंगल पार होतं ते वाट माहीत असलेल्या माणसामुळे.

आणि वाट माहीत असलेली माणसं मार्गासनीत घरोघरी आहेत. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता तुमच्या दारातून जातो. राजगडाला गुंजवण्याकडून चढणारे तुमच्याच फाट्यावर वळतात. २०२५ च्या जुलैमध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आणि आपण काय करतो? रस्ता फुकट सांगतो, चहा विकतो, आणि पैशांची गरज पडली की जमिनीचा तुकडा बाहेरच्याला विकतो. पुढे त्याच जागेवर फार्महाऊस होतं आणि आपला पोरगा तिथे राखणदार म्हणून लागतो. मला हे बघवत नाही, म्हणून स्पष्ट बोलतोय.

माझं मत साधं आहे. जमीन विकण्याआधी वाट विका.

हिशोब करू. समजा, राजगड ते तोरणा असा डोंगरधारेवरचा दिवसभराचा ट्रेक, १२ जण, माणशी ९०० रुपये. जमा १०,८००. नाश्ता-जेवण ३,०००, सोबतीचा मदतनीस १,०००, वेल्ह्याहून परतीची जीप १,८००, प्रथमोपचार आणि किरकोळ ५००. आणि तुमची स्वतःची मजुरी १,००० धरायचीच! खर्च ७,३००. उरले ३,५००. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या भावाने बदलून घ्या. पण मजुरी वेगळी आणि नफा वेगळा, ही सवय आजपासून लावा.

आता तुम्ही म्हणाल, 'सर, पुण्याच्या ग्रुपवाल्यांकडे गिऱ्हाईक आहे, आमच्याकडे कुठे?' बरोबर आहे. म्हणूनच चोची नाही, स्टॅफर्डची सवय उचला: लिहून ठेवा. कुठल्या महिन्यात कुठे पाणी मिळतं, कुठली वाट पावसात निसरडी होते, चुकलं तर कुठून उतरायचं. प्रत्येक ग्रुपमधल्या एकाचा तरी नंबर घ्या, आठवड्याने फोन करा. ग्रुपवाल्यांसोबत काम करायचं असेल तर जरूर करा, पण दर आधी ठरवा आणि त्यांच्या जाहिरातीत तुमचं नाव आलं पाहिजे, ही अट घाला.

कागदपत्रांचं टाळू नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. साहसी पर्यटनासाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे. पर्यटन विभागाकडे नोंदणीची चौकशी करा. गडावरचे आणि वनखात्याचे नियम पाळा. लोकांचा जीव तुमच्या हातात असतो, तिथे जुगाड चालत नाही.

सगळ्यांनी ट्रेकच न्यावेत असं नाही. कुणाला भाताचं वाण कळतं, कुणाला औषधी झाडं, कुणाला जनावरं. आठवडाभरात एक काम करा: गावाबाहेरचा माणूस तुम्हाला नेहमी फुकट काय विचारतो, त्याची यादी लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे दर टाका. यादी मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.